चष्म्यांचे नंबर कोण बदलतंय?

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण एकच. ऑफिसात काहीतरी शिजतंय. ते बाहेर येईल तेव्हा माझ्यापाशी तारीखवार नोंद हवी.

वही कपाटात, स्वेटरांच्या खाली. हिलासुद्धा सांगितलेलं नाही.

आज माझा कन्व्हर्टर चालू झाला. आमची चष्म्यांची सात दुकानं. दुकानात डोळे तपासतात आणि नंबर कम्प्युटरमध्ये भरतात. काचा मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, वर्कशॉपमध्ये घासल्या जातात. इथला प्रोग्रॅम वेगळा, तिथला वेगळा, एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही. म्हणून इथली माहिती साध्या मजकुरात उतरवायची (त्या मजकुराच्या पद्धतीला जेसन म्हणतात) आणि तिथे पोचली की मजकुरातून पुन्हा माहिती उभी करायची. जाणं आणि येणं. एवढंच.

हे करणारा तयार कोड जगभर मिळतो. सगळे तोच वापरतात. सगळे वापरतात, यातच मला काळंबेरं दिसतं. मी स्वतः लिहिला. चारशे बारा ओळी.

साहेबांनी विचारलं, तयार का नाही घेतला. मी नुसता सूचक हसलो. ते पुढे काही बोलले नाहीत. समजले असावेत.

५ फेब्रुवारी, बुधवार

कन्व्हर्टर उत्तम चाललाय. त्यातल्या युक्त्या इथे लिहून ठेवतो, उद्या कोणी स्वतःच्या नावावर खपवायला नको. ज्याचा आकडा शून्य, तो मी मजकुरात लिहीतच नाही. शून्य म्हणजे काही नाही. जे नाहीच ते पाठवायचं कशाला? दुसरं, तिकडे दर गिऱ्हाइकाला नवा डबा उघडत नाही. डबा एकच. मजकुरातून येतील ते आकडे त्यात टाकायचे, वर्कशॉपला दाखवायचे, मग त्याच डब्यात पुढचं गिऱ्हाईक. मेमरी वाचते. डब्याची कल्पना आंघोळ करताना सुचली.

टेस्टिंगला एक नवीन बाई आल्यात. आवाज हळू, नजर बारीक. विचारत होत्या, मधे डबा रिकामा कोण करतं. म्हटलं, दर वेळी भरतोच आहे, तर रिकामा कशाला करायचा? म्हणाल्या, पूर्ण भरतो याला पुरावा आहे का. त्यांना प्रत्येक गोष्टीला पुरावा लागतो. मी नाव ठेवलंय पुरावाबाई.

यांना कोणी पाठवलं, ते बघायला हवं.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी मावशीला आपल्या दुकानात नेलं. आई गेल्यापासून मावशी आमच्याकडेच असते. जन्मभर शिवणकाम केलं. माझ्या शाळेच्या चड्ड्या, घरातले पडदे, निम्म्या गल्लीचे कपडे. टीप अशी सरळ घालते की पट्टी धरून आखल्यासारखी. हल्ली सुईत दोरा ओवायला वेळ लागतो म्हणाली, म्हणून नेलं.

आधी मी बसलो, मग ती. तिला धीर यावा म्हणून. माझा तिरपा नंबर वाढलाय. उजवा एक, डावा दीड, आणि तो डावा एकशे सदतीस अंशावर. मावशीला जवळचा साधा नंबर. तिरपा नंबर शून्य, दोन्ही डोळ्यांना. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, या वयात असे डोळे नशिबानंच असतात. ज्याला तिरपा नंबर नाही त्याला चुकून लावला, तर सरळ रेघसुद्धा कललेली दिसते, असंही सांगत होत्या. मी अर्धवट ऐकलं. काउंटरवरचा माणूस माझे नंबर दिसणाऱ्या स्क्रीनकडे का बघत होता, ते मी बघत होतो.

मावशी घरापर्यंत ताठ मानेनं चालत आली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दोघांचे चष्मे आले. माझा फर्स्ट क्लास. समोरच्या इमारतीतल्या बायका काय बोलतात ते ओठांवरून कळतं. (आपल्याबद्दल नव्हतं.)

मावशीनं चष्मा लावला आणि जिन्यापाशी थबकली. पायानं पायरी चाचपली. म्हणाली, जिना कललाय का रे. मी सांगितलं, नवीन चष्मा अंगवळणी पडायला आठ दिवस लागतात. बरं म्हणाली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सुरुवात झाली.

एका सुताराचा दुकानात फोन. चष्मा लावून चौकट बसवतो ती त्याला सरळ दिसते, बाकी सगळ्यांना वाकडी. दुपारी एक शिक्षिका. फळ्यावर लिहायला लागलं की ओळ उतरणीला लागते, वर्ग हसतो. साहेब म्हणाले, आठवड्यात अशा सात तक्रारी. कन्व्हर्टर तपासा.

मी चष्मा काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, हा त्याच कन्व्हर्टरमधून गेलाय, काही वाकडं दिसतंय का बघा. त्यांनी लावून बघितला, म्हणाले सगळंच वाकडं दिसतंय. अर्थात. त्यांचा नंबर वेगळा.

माझा कोड निर्दोष आहे. म्हणजे नंबर मधल्या मध्ये कोणीतरी बदलतंय.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी

संकल्प: कोणावरही संशय घ्यायचा नाही. फक्त नोंद ठेवायची.

नोंद: वर्कशॉपचा काचवाला. तीस वर्षं काचा घासतोय. आधी त्याला नंबर चिठ्ठीवर जायचे. माझ्या कन्व्हर्टरनं चिठ्ठ्या बंद केल्या. माणूस दुखावला जातो.

नोंद: पुरावाबाई. आल्या आणि दोन आठवड्यांत तक्रारी सुरू. योगायोग असेल. मी योगायोग मानत नाही.

नोंद: काउंटरवरचा माणूस.

संध्याकाळी

हिला मोघम सांगितलं की ऑफिसात घातपात चालू आहे. ही म्हणाली, गेल्या वर्षी तू पोस्टमनच्या मागे लागला होतास. तो विषय वेगळा होता. ते पाकीट खरंच उघडलेलं होतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सापळा लावला. एक खोटं गिऱ्हाईक तयार केलं. दोन्ही डोळ्यांना भरभक्कम नंबर, तिरपासुद्धा, सगळे रकाने गच्च. सकाळी मशीन नुकतं चालू झालेलं असताना, कोणाला पत्ता लागायच्या आत, पाठवून दिलं. वर्कशॉपकडून परत मागवलं. आकडा आणि आकडा जुळला.

अर्थ उघड आहे. मी बघत असतो तेव्हा चोर हात लावत नाही.

घरी फोनवर सहकाऱ्याशी जरा चढ्या आवाजात बोलावं लागलं, की जेसन जाताना धडधाकट असतो आणि पोचेपर्यंत बिघडतो. जेवताना मावशीनं हळूच विचारलं, तुझ्या त्या जेसनला आता बरं आहे का. हिला ठसका लागला.

मावशी फारशी जेवली नाही. डोकं दुखतं म्हणाली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याच्या मुलीचं लग्न. झगा मावशीकडे होता. तीन आठवडे ती त्यावर बसलीय. आज बेकरीवाली आली, घेर हातात धरून खिडकीपाशी नेला आणि शिवणीवरून बोट फिरवत गेली. मग म्हणाली, राहू द्या, तुम्हालाही आता त्रास होत असेल. झगा घेऊन गेली. दुसरीकडे उसवून शिवून घेणार.

मी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेलो, म्हणजे बोलण्यातून काही निसटतं का ते बघायला. दुसऱ्या शिंप्याशी हिचं आधीच ठरलेलं असणार. म्हणाली, अहो, शिवण लाटेसारखी गेलीय. म्हटलं, प्रकाशाचा दोष असेल. तिनं माझ्याकडे बघितलं ते मला आवडलं नाही.

वर आलो तर मावशी उरलेल्या कापडावर टीप घालून बघत होती. घालायची, उसवायची, पुन्हा घालायची. मी म्हटलं, चष्मा नवीन आहे, सवय होईल. म्हणाली, चष्म्याला कशाला नावं ठेवायची, तो तर तुमच्या दुकानाचा. हातच गेला माझा.

मग मशीनवर कव्हर घातलं. चारही कोपरे खाली ओढून.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पुरावाबाई माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, तुम्ही एकच गिऱ्हाईक पाठवून बघता. दोन पाठवा, लागोपाठ, आणि दुसऱ्याचा तिरपा नंबर शून्य ठेवा. म्हटलं, एकट्याचं बरोबर येतं तर रांगेत उभं केल्यानं काय बिघडणार? म्हणाल्या, बिघडत नसेल तर पाठवायला काय हरकत.

इतका आग्रह कशासाठी? जो माणूस नेमकी जागा सांगतो, त्याला जागा माहीत असते. माहीत कशी झाली?

नाही पाठवली.

संकल्प: चहा कमी करायचा. पाच कपांनंतर मला पावलांचे आवाज ओळखू येतात.

२६ फेब्रुवारी, बुधवार

न कळवता वर्कशॉपवर धडक. काचवाल्याला रंगेहाथ पकडायचं ठरवून गेलो होतो. तो पाणी लावून काच घासत होता. मला बघून घाबरला नाही. (सराईत.) स्टूल पुसून दिलं.

म्हणाला, बरं झालं भाऊ आलात, मीच फोन करणार होतो. स्क्रीनवर जे दिसतं ते मी घासतो, त्यात माझं काही नाही. पण एक विचारू का? पूर्वी चिठ्ठीवर तिरप्या नंबरच्या जागी निम्म्या लोकांचं शून्य असायचं. महिना होत आला, मला शून्य दिसलेलंच नाही. सगळ्या जगाला एकदम तिरपा नंबर कसा लागला?

मी विचारलं, हे तुम्ही आणखी कोणाकोणाला बोललात. म्हणाला, तुमच्या त्या नवीन बाईंना.

म्हणजे दोघांचं साटंलोटं आहे! परत येताना बसमध्ये सगळं स्पष्ट दिसत होतं.

१ मार्च, शनिवार

घरी एक अपरिचित बाई. शिवणवर्ग चालवतात. मशीन बघायला आल्या होत्या. मावशीनं त्यांना बॉबिनची डबी, कापड दाबून धरायचे जादा पाय, तेलाची कुपी सगळं काढून दाखवलं. म्हणाली, पट्टा मागच्याच वर्षी बदललाय, आवाज करत नाही, मुलींना शिकायला चांगली आहे. देऊनच टाकतेय. पुढच्या रविवारी, नऊ तारखेला, माणूस पाठवणार आहेत.

मी म्हटलं, एवढी घाई कसली. म्हणाली, दिसत राहिली की हात शिवशिवतात. मग वाईट वाटतं.

ही स्वयंपाकघरात मला म्हणाली, तिचा चष्मा एकदा पुन्हा तपासून आण ना. म्हटलं, तपासून काय होणार, कन्व्हर्टर बरोबर आहे. ही म्हणाली, मी कन्व्हर्टरचं नाव तरी काढलं का?

नाही काढलं. मी का काढलं? दमलोय.

ता. क. ही जाता जाता म्हणाली, कपाटातल्या वहीला पेन बांधून ठेवू का, सारखं शोधत असतोस. वहीची जागा बदलली. बुटांच्या खोक्यात.

३ मार्च, सोमवार

पुरावाबाईंच्या मागून जाताना स्क्रीन बघितली. तयार कोड! तोच, जगभरचा. माझ्या चारशे बारा ओळींच्या जागी तीन ओळी लिहून बघत होत्या. मी उभा आहे हे कळल्यावर स्क्रीन झाकलीसुद्धा नाही. उलट म्हणाल्या, बघा ना, यात शून्य शून्यच राहतं.

हेतू सापडला. माझा कन्व्हर्टर बदनाम करायचा, मग तीन ओळींचं घोडं पुढे दामटायचं.

परवा साहेबांनी मीटिंग ठेवलीय. काचवाल्यालाही बोलावलंय, काचेचा नंबर मोजायचं यंत्र घेऊन. मी त्या मीटिंगमध्ये सगळ्यांचे मुखवटे उतरवणार. माझ्याकडे असा पुरावा आहे की पुरावाबाईसुद्धा गप्प बसतील. मावशीचा चष्मा. तिचा नंबर तपासला तेव्हा मी स्वतः खोलीत होतो. तिरपा नंबर शून्य, हे माझ्या कानांनी ऐकलंय. काचेत तो निघाला, तर काचवाल्यानं स्वतःच्या हातानं घासला, हे सिद्ध.

मावशीकडे चष्मा मागितला. लगेच दिला. कशाला हवा तेही विचारलं नाही. म्हणाली, ने, मी हल्ली लावतच नाही.

५ मार्च, बुधवार. दुपारी, ऑफिसच्या मागच्या जिन्यात

क्रमानं लिहितो.

मी आधी भाषण केलं. घातपात, चिठ्ठ्या, साटंलोटं. साहेब पेन फिरवत होते. मग मी चष्मा काचवाल्याच्या हातात दिला आणि म्हटलं, मोजा, सगळ्यांसमोर. त्यानं यंत्राला डोळा लावला, चाक फिरवलं. म्हणाला, तिरपा नंबर आहे. मी म्हटलं, ऐकलंत? तो म्हणाला, उजवा एक. डावा दीड. डावा एकशे सदतीस अंशावर.

मी म्हटलं, बघा, हा आकडा यानं कुठून तरी पैदा केला.

पुरावाबाईंनी आठ तारखेची यादी उघडली. म्हणाल्या, मावशींच्या आधीच्या गिऱ्हाइकाचा नंबर हाच आहे. साहेबांनी विचारलं, कोण ते गिऱ्हाईक. त्यांनी स्क्रीन साहेबांकडे वळवली. साहेबांनी वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. मग माझ्या नाकावरच्या चष्म्याकडे.

मग पुरावाबाईंनी समजावून सांगितलं. मला नाही, काचवाल्याला. म्हणाल्या, मावशींचं शून्य मजकुरात लिहिलंच नाही. तिकडे डब्यात त्या जागी नवीन काही पडलं नाही, म्हणून आधीच्या माणसाचा आकडा तसाच राहिला. ज्याच्या ज्याच्या वाट्याला शून्य, त्याला आधीच्या माणसाचं उष्टं. काचवाला म्हणाला, अच्छा, म्हणून शून्य दिसत नव्हतं होय. त्याच्या आवाजात जरासुद्धा राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

म्हणजे मावशी एवढे दिवस माझ्या नंबरातून बघत होती.

६ मार्च, गुरुवार

शांतपणे विचार केला. तांत्रिकदृष्ट्या याला चूक म्हणता येणार नाही. डब्यानं डब्याचं काम केलं. शून्याबद्दलचा माझा विचार तत्त्व म्हणून आजही पटण्यासारखा आहे. शिवाय मशीन नुकतं चालू झालेलं असताना एकेकटं गिऱ्हाईक पाठवलं असतं, तर

साडेअकराला चारशे बारा ओळी काढल्या. पुरावाबाई म्हणाल्या, डिलीट तुम्हीच करा, तुमचं आहे. तीन ओळी आल्या. दोन गिऱ्हाइकं लागोपाठ पाठवली. शून्य शून्यच आलं. त्यांनी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. माझ्यासाठी चहा आणला.

चुकीचे चष्मे एकसष्ट. साहेब म्हणाले, तुम्हाला काढत नाही, पण फोन तुम्ही करायचे, एकसष्टही. काय बोलायचं त्याचा कागद दिला. त्यात वाक्य होतं: चूक आमची आहे. मी तिथे 'काही तांत्रिक कारणांमुळे' असं सुचवलं. त्यांनी ते खोडलं आणि 'चूक आमची आहे' खाली दोन रेघा मारल्या.

संध्याकाळी

मावशीला आज सांगायचं. चहाच्या वेळी.

चहा झाला. ती भाजी निवडत होती. जेवणाआधी सांगू.

जेवताना ही होती. हिच्यासमोर नको.

उद्या सकाळी, ताज्या मनानं.

७ मार्च, शुक्रवार

सकाळी मावशी मशीनची पितळी पट्टी घासत होती. द्यायची तर लखलखीत द्यावी म्हणाली. मला उशीर होत होता. तसा फारसा होत नव्हता.

दहापासून फोन. सुतार पाच मिनिटं ओरडला, मग म्हणाला, सहा चौकटी बदलल्या मी, बायको म्हणत होती पिऊन काम करतो. शिक्षिका काही बोललीच नाही. नुसतं, बरं. ते सुताराच्या ओरडण्यापेक्षा वाईट. एका ड्रायव्हरनं गाडी चालवणं सोडून गोदामात काम धरलं होतं. त्याला 'चूक आमची आहे' दोनदा म्हणावं लागलं.

यादीत त्रेचाळिसावं नाव मावशीचं. ते मी आधी खाली ढकललं होतं, शेवटी. पुरावाबाई शेजारच्या खुर्चीवर बसून झालेल्या नावांवर खूण करत होत्या. त्यांनी ते जागेवर आणून ठेवलं. 

ऑफिसचा नंबर तिच्याकडे नाही. आवाज जाड केला. कागद समोर धरला. नमस्कार, आपण आमच्याकडून घेतलेल्या चष्म्यात चुकीचा नंबर घातला गेला आहे, काचा बदलून मिळतील, चूक आमची

तिथे अडकलो. म्हटलं, चूक माझी आहे.

 मग तिनं विचारलं, म्हणजे माझा हात बरा आहे? म्हटलं, हो. म्हणाली, शिवण वाकडी जात होती ती चष्म्यानं? म्हटलं, हो. डोळे पण चांगले आहेत? म्हटलं, उत्तम आहेत, तपासणाऱ्या बाई म्हणाल्याच होत्या. हे वाक्य कागदावर नव्हतं.

 नाक ओढल्याचा आवाज. मग म्हणाली, रविवारी मशीन न्यायला येणार होते, त्यांना नको म्हणून कळवते. आणि एक सांगते, आमच्या घरातला एक तिथेच कामाला आहे, त्याला काही बोलू नका. फार मनाला लावून घेतो तो.

मी जाड आवाजात म्हटलं, नोंद घेतली आहे.

म्हणाली, घे. आणि येताना पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आण, चाळीस नंबर. घसा तसा ताणू नकोस, बसेल.

फोन ठेवला.

पुरावाबाईंनी त्रेचाळीसवर खूण केली. अजून अठरा आहेत.